सानिया-मार्टिनाची जोडी आणि आमचे पापड



सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस यांनी ऑगस्ट 2016 मध्ये जोडी मोडली, तेव्हा हळहळलेल्यांपैकी मीही एक. टेनिसमधलं मला फार कळतं असं नाही. पण मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली आपली पोरगी दुहेरीत जगात पहिली होते म्हटल्यावर इथे खापरखेड्यात बसूनही छाती फुगायची.

काय खेळायच्या दोघी! 2015 च्या मार्चमध्ये एकत्र आल्या आणि इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन अशा पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. मग विम्बल्डन, अमेरिकन ओपन, पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन. ओळीने 41 सामने जिंकल्या. विम्बल्डनच्या फायनलला पहिला सेट गेलेला, तिसऱ्यात 2-5 ने मागे, आणि तिथून ओढून काढला सामना. सानियाचा फोरहँड जोरदार, मार्टिना नेटजवळ चलाख. एकीचं उणं दुसरी भरून काढायची.

पुढे मात्र फ्रेंच ओपनला तिसऱ्या फेरीतच हरल्या, विम्बल्डनला उपांत्यपूर्व फेरीत. क्रमवारीत तेव्हाही दोघी अव्वलच होत्या, तरी थांबल्या. मला विचाराल तर बरोबर केलं. नाव टिकून आहे म्हणून जोडी ओढत नेली असती, तर एकमेकींच्या चुकाच मोजत बसल्या असत्या. लगेच सिनसिनाटीच्या फायनलला दोघी समोरासमोर आल्या. सानिया नव्या जोडीदारीणीबरोबर, बार्बोरा स्ट्रिकोव्हाबरोबर, जिंकली. आणि वर्षअखेरीच्या सिंगापूरच्या स्पर्धेत, जोडी म्हणून पात्र ठरल्या होत्या म्हणून, पुन्हा एकत्र उतरल्या! उपांत्य फेरीत हरल्या, पण मला तेच जास्त आवडलं.

पेस-भूपतींचं आठवा. 1999 मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला पोचलेली जोडी, त्यातल्या दोन जिंकलेली. 2012 च्या ऑलिंपिकच्या वेळी इतकं बिनसलं की भूपती पेसबरोबर खेळायलाच तयार नव्हता.

हे सगळं आता का आठवलं, तर आमच्या पापडांमुळे. थोरल्या जाऊबाई आणि मी सहा उन्हाळे मिळून मूग-उडदाचे पापड करतोय. पीठ त्यांचं, लाटणं माझं, ऑर्डरी पॉवर हाऊसच्या कॉलनीतून. आता ताईंना मशीन घ्यायचंय, मला हातचेच करायचेत. दोन्ही बाजू खोट्या नाहीत. पण हल्ली लाट्या करताना आम्ही बोलतच नाही, आणि हे मला मशीनपेक्षा जास्त खुपतं.

म्हणून परवा मीच विषय काढला. घेतलेल्या ऑर्डरी मिळून पुऱ्या करायच्या, हिशेब अर्धा-अर्धा, मग त्यांचं मशीन वेगळं आणि माझं पोळपाट वेगळं. ताई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मसाल्याचं प्रमाण मात्र मी कोणाला देणार नाही हं. तुला लागलं तर येऊन घेऊन जात जा."