ऊब हवी, पण खिडकी उघडी!

भिलाईच्या जुनवानीत पाणी कधी गोठत नाही. तरीही गोठलेल्या सरोवरावर गॅसची टाकी घेऊन बसणाऱ्या मासेमारांकडून येथील कुटुंबांनी शिकावे असे पुष्कळ आहे.

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर मागे टाकले, की पावणेतीनशे किलोमीटरच्या आत दुर्ग आणि त्याला जोडूनच भिलाई लागते. मराठी प्रवाशाला हा मुलूख फारसा परका वाटत नाही. अठराव्या शतकात येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. पुढे १९५६ पर्यंत छत्तीसगडची राजधानीही नागपूरच होती. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला तो सोव्हिएत संघाच्या मदतीने. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि नोकरीसाठी आलेली विदर्भातील कित्येक कुटुंबे येथेच स्थायिक झाली.

जुनवानी हे याच भिलाईचे एक टोक. मूळचे खेडे, आता महापालिकेच्या हद्दीतील उपनगर. अभियांत्रिकी महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय, मॉल, सदनिकांच्या इमारती आणि विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या असा येथील आजचा थाट आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांच्या आसपास येतो. सिमल्याच्या माणसाला या थंडीचे हसू येईल. पण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची सवय असलेल्या शरीराला तीही पुरेशी बोचते.

गोरसीचे घर

छत्तीसगडी घरात थंडीवरचा उपाय म्हणजे गोरसी. मातीची ही पसरट शेगडी. तिच्यात शेणीचे किंवा लाकडाचे निखारे घालायचे आणि भोवती हात शेकत बसायचे. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला शेक द्यायलाही तीच. गोरसीची जागा बहुधा परछीत, म्हणजे ओसरीवर असते. घरात आणली तरी वर कौले असत. कौलांच्या फटींतून धूर निघून जाई आणि ताजी हवा आत येई. घर स्वतःच श्वास घेत असे.

सिमेंटच्या सदनिकेत हे होत नाही. सरकत्या काचांच्या खिडक्या घट्ट बसतात, डास येऊ नयेत म्हणून त्या संध्याकाळीच बंद होतात. गोरसीच्या जागी कोळशाची शेगडी आली किंवा गॅसचा हीटर आला, तरी विस्तवाची भूक तीच राहते. हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

भिलाईला हा वायू चांगला ठाऊक आहे. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत तो मोठ्या प्रमाणात असतो. जून २०१४ मध्ये भिलाईच्या कारखान्यात याच वायूची गळती होऊन सहा जणांचा बळी गेला. कारखान्यात त्याच्यासाठी मापक यंत्रे असतात, भोंगे असतात. घरात काय असते? एक बंद खिडकी.

सहलीला निघताना

थंडीच्या सुट्टीत भिलाईकर उत्तरेकडे वळतात. कवर्ध्याजवळ भोरमदेवचे प्राचीन मंदिर पाहून पुढे मैकल डोंगरातील चिल्फी घाटात जाता येते. अधिक हौस असेल तर सरगुजातील मैनपाट गाठता येते. तिबेटी निर्वासितांच्या वस्तीमुळे आणि थंड हवेमुळे मैनपाटला ‘छत्तीसगडचे सिमला’ म्हणतात. कडाक्याच्या थंडीत या दोन्ही ठिकाणी पहाटे गवतावर दव गोठून पांढरा थर जमतो. जलाशयाच्या काठी तंबू ठोकावा, गळ टाकून बसावे, रात्री काही तरी भाजून खावे, असा बेत ठरतो आणि ‘गॅस कोणता न्यायचा?’ हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचा सर्वांत पक्का अभ्यास केला आहे तो बर्फाळ देशांतील मासेमारांनी. भिलाईत आलेल्या सोव्हिएत तज्ज्ञांच्या मायदेशी, तसेच कॅनडात आणि अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, हिवाळ्यात सरोवरे गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून गळ सोडतात आणि वर छोटी झोपडी किंवा तंबू उभारून तासन्‌तास बसतात. अमेरिका-कॅनडात उबेसाठी बहुधा प्रोपेनची टाकी आणि हीटर असतो.

प्रोपेनच का? द्रवरूप गॅसची वाफ झाली तरच तो जळतो. ब्युटेनची वाफ शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशापर्यंतच होते. त्याहून थंडी वाढली की डबा भरलेला असूनही ज्योत मंदावते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये या दोन्हींचे मिश्रण असते, म्हणून ते छत्तीसगडच्या थंडीत सहसा दगा देत नाही. फक्त ब्युटेन भरलेले छोटे डबे मात्र चिल्फीच्या पहाटे रुसू शकतात.

दुसरा प्रश्न आकाराचा. तीन किलोवॉटचा हीटर तासाला सुमारे २३५ ग्रॅम गॅस खातो. अमेरिकेतील एक पौंडाची, म्हणजे अर्धा किलोहूनही लहान टाकी जेमतेम दोन तास पुरते. तेथील २० पौंडांची, म्हणजे ९ किलोंची टाकी ३८ तास. आपल्याकडील ५ किलोंचे सिलिंडर २१ तास चालेल. रोज रात्री तीन तास हीटर लावला तर आठवडा निघतो. त्यासाठी १४.२ किलोंचे स्वयंपाकघरातील धूड गाडीत घालण्याची गरज नाही. ५ किलोंचे सिलिंडर ‘छोटू’, ‘अप्पू’, ‘मिनी’ अशा नावांनी मिळते. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. त्यामुळे जुनवानीसारख्या ठिकाणी भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांचीही सोय झाली आहे. गल्लीतील दुकानात भरून मिळणारी बेकायदा छोटी टाकी घेण्याचे आता काहीच कारण नाही.

टाकीपेक्षा मोठा प्रश्न

तरीही या मासेमारांचा खरा धडा टाकीचा नाही, झरोक्याचा आहे. बाहेर उणे वीस अंश असतानाही जाणकार मासेमार झोपडीचे एक भोक खाली आणि एक वर उघडे ठेवतो. प्राणवायू कमी झाला की आपोआप विझणारा आणि कलंडला तर बंद पडणारा हीटर तो निवडतो, कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा जवळ ठेवतो. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. तंबूच्या कापडावर थेंब जमू लागले, की हवा कोंडत चालली हे त्याला समजते.

हा धडा विसरल्याची किंमत भयंकर असते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे सहलीला गेलेले केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले. दारे-खिडक्या बंद होत्या. सकाळी कोणीच उठले नाही. गॅस चांगला होता की वाईट, टाकी लहान होती की मोठी, याला तेथे काही अर्थ उरला नव्हता.

निघण्यापूर्वी

● सिलिंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ही मुदत उलटलेले सिलिंडर घेऊ नये.

● रेग्युलेटर आणि नळी योग्य मापाची, प्रमाणित असावी. जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून कधीही पाहू नये.

● सिलिंडर उभेच ठेवावे. गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून अंथरुणापासून ते दूर असावे.

● रेल्वेने सिलिंडर नेऊ नये. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. नागपूरहून येणाऱ्यांनी ते भिलाईतच घ्यावे.

● गळतीसाठी १९०६ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावेत. कोणाला गुंगी आली तर आधी मोकळ्या हवेत न्यावे.

● हीटर असो, शेगडी असो की गोरसी, झोपण्यापूर्वी ती विझवावी किंवा बाहेर ठेवावी. रात्रभराच्या उबेसाठी रजई आहेच.