खचलेला थर

गेल्या मे महिन्यात आठ दिवस चंद्रपूरला भाच्याकडे राहून आलो. चंद्रपूरचा उन्हाळा हा काही पाहुणचाराचा काळ नव्हे. पण मास्तराला सुट्टी मिळते तीच मुळी उन्हाळ्यात! भाचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणींचे नकाशे संगणकावर तयार करतो. जमिनीच्या पोटातला २५ कोटी वर्षांहून जुना थर त्याच्या पडद्यावर अंथरलेल्या जाळ्यासारखा दिसतो. मला त्याची मोठी मौज वाटली.

"मामा, इथे यंत्र फसतं पाहा," तो म्हणाला.

कोळसा खरोखर हाती लागतो तो बोअर घेतले असतील तिथेच. मधली जागा संगणक अंदाजाने भरतो. वर जमीन सपाट. एका बोअरमध्ये कोळशाचा तळ ६० मीटरवर लागला आणि शेजारच्यात ८५ वर, की हा दोहोंमध्ये एक गुळगुळीत उतार काढून मोकळा! प्रत्यक्षात उतार नसतोच. थर तिथे तुटून २५ मीटर खाली बसलेला असतो. वर्षानुवर्षे मी फळ्यावर काढीत आलो, तोच हा प्रस्तरभंग. उतारावर विसंबून खणत गेले, तर समोर कोळशाऐवजी वालुकाश्माची भिंत उभी राहते. शिवाय भंग तिरपा असल्यामुळे दोन कडांमध्ये एक पट्टी कोळशावाचून कोरी राहते. उताराच्या हिशेबात मात्र तिथलाही कोळसा धरला जातो.

"मग तू काय करतोस?"

"आधी फॉल्टची रेघ आखतो. खचलेल्या बाजूचे आकडे २५ मीटर वर उचलतो, थर तुटण्यापूर्वी होता तसा अखंड अंथरतो आणि मग ती बाजू तेवढीच पुन्हा खाली सोडतो. किती खचलंय ते नक्की ठाऊक नसेल, तर मात्र यातलं काहीच जमत नाही."

मी गप्प बसलो. माझ्या एका कादंबरीत दोन भाऊ हळूहळू, वर्षावर्षाने दुरावतात. तो ओघ वाचकांना फार आवडला. माझा नि दादाचा दुरावा असा आला नव्हता. घराच्या वाटणीच्या संध्याकाळी, आईदेखत, मी एक वाक्य बोललो. दुपारी आम्ही शेजारी बसून जेवलो होतो. त्यानंतर अकरा वर्षे बोललेलो नाही. ते वाक्य मी कादंबरीत घातले नाही.

"थोरल्या मामांनी तुमची कादंबरी वाचली," भाचा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"काय म्हणाला?"

"असं झालं नव्हतं. एवढंच."

भाऊबीजेला आम्ही दोघेही बहिणीकडे जातो. दादा सकाळी, मी संध्याकाळी. कोणी न ठरवता हा रिवाज पडून गेला आहे. मधली दुपार ती कशी काढते, हे मी कधी विचारलेले नाही. यंदा मी सकाळीच जाणार आहे. दादाशी काय बोलावे, ते अजून सुचलेले नाही. ते वाक्य मात्र आठवते आहे, अगदी शब्दन् शब्द.