चाकांवरची चूल

सुरतेहून नागपूरमार्गे पूर्वेकडे जाणारा, पूर्वी 6 आणि आता 53 क्रमांकाने ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग अकोल्याजवळ 161 क्रमांकाच्या महामार्गाला मिळतो, आणि तेलंगणातून नांदेड, हिंगोली, वाशीम या वाटेने वर आलेली वाहतूक इथे पूर्व-पश्चिम वाहतुकीत मिसळते. कापसाच्या गाठी, सरकी, सोयाबीन, डाळ गिरण्यांकडे निघालेली तूर असा वऱ्हाडचा सारा संसार या दोन वाटांवरून रात्रंदिवस हलत असतो. या मालाचे वजन काट्यावर होते, त्याचा भाव बाजार समितीत पुकारला जातो. मात्र तो वाहून नेणारा माणूस दिवसातून दोनदा काय खातो आणि त्यासाठी किती मोजतो, याची नोंद त्याच्या स्वतःच्या हिशेबापलीकडे कुठेही होत नाही.

खेपेवर निघताना मालक चालकाच्या हाती खर्चासाठी जी रक्कम ठेवतो तिला भत्ता म्हणतात, आणि चालकाचे दोन वेळचे जेवण, चहा, अंघोळ, बरोबर क्लीनर असल्यास त्याचेही पोट, हे सारे बहुधा त्यातच भागवावे लागते. भत्त्यातून जे वाचते ते घरी जाते, म्हणून ढाब्यावरची प्रत्येक जादा रोटी ही मुलांच्या वह्यापुस्तकांतून उचललेली असते. गिरणीच्या दाराशी रांग लागून गाडी खाली व्हायला एक दिवस अधिक लागला, तर भाडे तेवढेच राहते आणि जेवणे मात्र वाढतात. चालकाच्या काटकसरीविषयी बोलताना हा वाट पाहण्यातला खर्च सहसा कुणी धरत नाही, आणि खरे पाहता त्याला सर्वांत जड जातो तो हाच.

ढाबा महाग असतो असे सरसकट म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. डाळ तडका, शेवभाजी आणि तंदूरची रोटी यांच्या किमतीत ढाबेवाला गाडी उभी करायला जागा देतो, टाक्यावर अंघोळ करू देतो, तासभर पाठ टेकायला खाट देतो, आणि तेवढ्या वेळात डिझेलवर व ताडपत्रीवर कुणाची तरी नजर राहते. चालक ताटाचे पैसे देतो तेव्हा तो निर्धास्तपणाचेही पैसे देत असतो. चौपदरीकरणानंतर रस्त्याच्या मधोमध दुभाजक आला, त्यामुळे पलीकडच्या बाजूचा ओळखीचा, स्वस्त ढाबा डोळ्यांना दिसत असूनही चाकांना परका झाला आणि आपल्या बाजूला जे मिळेल त्यावर भागवणे आले.

म्हणूनच अनेक गाड्यांत चूल असते. बाजूच्या पेटीत पाच किलोचा सिलिंडर आणि शेगडी, लहान कुकर, तवा, परात, मिसळणाचा डबा, पिठाची थैली एवढ्यावर हा संसार उभा राहतो. गाडी वाऱ्याच्या आडोशाला लावून, केबिनबाहेर, चाकाच्या सावलीत शेगडी पेटवली जाते. एकजण कांदा चिरतो, दुसरा टायर तपासतो, आणि कुकरच्या दोन शिट्ट्यांत खिचडी होते. दक्षिणेकडचा चालक भात आणि सांबार शिजवतो, उत्तरेकडचा कणीक मळतो, वऱ्हाडातला माणूस बेसन घोटतो, आणि एकाच वाहनतळावर संध्याकाळी अर्ध्या देशाच्या फोडणीचा वास एकत्र येतो. क्लीनर न ठेवता एकट्यानेच गाडी नेणाऱ्याच्या वाट्याला मात्र हे सुख कमी येते, कारण दहा तास चाक धरलेल्या हातांना परातीतले पीठ मळण्याचे बळ उरत नाही.

या चुलीपुढची वऱ्हाडातली खास अडचण पाण्याची आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला जो प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, तिथे जमिनीखालचे पाणी खारट आहे. विहीर वा कूपनलिका दिसली तरी ते पाणी तहान भागवत नाही आणि जड पाण्यात तुरीची डाळ लवकर मऊ होत नाही, म्हणजे गॅसही अधिक जळतो. वाट ओळखणारा चालक मूर्तिजापूर, बाळापूर या तालुक्यांत शिरण्याआधीच गोड्या पाण्याचे कॅन भरून घेतो. त्यात मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी शिजवलेली भाजी दुपारपर्यंत आंबते आणि वाचवलेले पैसे अन्नासोबत फेकले जातात.

अशा उन्हात टिकेल, हातावर घेऊन खाता येईल आणि थोडक्यात पोट भरील असे अन्न वऱ्हाडने फार पूर्वीच शोधून ठेवले आहे, कारण इथल्या शेतमजुराची गरजही हीच होती. शिदोरी, म्हणजे फडक्यात बांधून शेतावर न्यायचे जेवण, हे मुळात प्रवासाचेच अन्न होय. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकर नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा पौष्टिक असते. तिच्यासोबत डाळीच्या पिठात कांदा-मिरची घालून केलेले कोरडे बेसन, म्हणजेच झुणका, भाजलेल्या जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा असला की आणखी काही लागत नाही. जवसाची कोरडी चटणी तर उन्हाळ्यातही दिवसेंदिवस टिकते आणि तिच्यातल्या तेलामुळे कोरडी भाकर घशाखाली उतरते. तंदूरच्या मैद्याच्या रोटीने जडावलेल्या, सतत बसून राहणाऱ्या शरीराला याहून हितकर आणि स्वस्त जेवण सुचवणे कठीण आहे. महामार्गावर ते मिळते, पण आता बहुधा पर्यटकांसाठी, मातीच्या ताटलीत आणि पर्यटकांच्या भावात.

स्वस्त जेवणाचे प्रयत्न राज्यात झालेच नाहीत असे नाही. 1995 साली सत्तेवर आलेल्या युती शासनाने एक रुपयात झुणका-भाकर दिली, ती योजना पुढे बंद पडली. 26 जानेवारी 2020 पासून सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात ठरवण्यात आला. ही दोन्ही जेवणे चालकाच्या पोटाला साजेशीच होती, परंतु रुग्णालय वा बसस्थानकाजवळच्या केंद्रावर दुपारी ठरलेल्या वेळेत ट्रक घेऊन पोहोचणे अशक्य, कारण दिवसा शहरांत जड वाहनांना अनेकदा बंदी असते. त्यापेक्षा नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याचे लंगर आणि शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचा महाप्रसाद या वाटांवरच्या चालकांना अधिक जवळचे वाटतात; तिथे कुणी कुठून आला हे विचारत नाही आणि पैसेही मागत नाही.

कायद्यालाही ही भूक ठाऊक होती. मोटार परिवहन कामगार अधिनियम, 1961 याने रोजच्या कामाचे आठ तास, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि शंभर वा अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह, अशी तरतूद केली. पण एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा चालक शंभरांच्या त्या गणतीत कधीच आला नाही. दुसरीकडे, अमरावती-अकोला दरम्यान जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत पुरे होऊन त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली, आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून नव्या मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. ज्या देशाला एवढे साधते त्याला अकोल्याच्या वेशीवर, दोन महामार्ग जिथे मिळतात तिथे, गोड्या पाण्याचे चार नळ, शेगडी पेटवायला पत्र्याचा आडोसा आणि रात्री बारा वाजताही बेसन-भाकर देणारे बचत गटाचे स्वयंपाकघर उभारता येईल. जिल्हा प्रशासनाने आणि बाजार समितीने ते आधी करावे. डाळ गिरण्यांनीही दाराशी थांबवून ठेवलेल्या माणसाला निदान एक वेळचे वरण-भात द्यावे.