मुक्काम

जबलपूरच्या ग्वारीघाटावर आषाढ लागला, की परिक्रमावासी दिसेनासे होतात. ते परतलेले नसतात. कुठल्यातरी गावी, आश्रमात थांबलेले असतात. नर्मदेला उजव्या हाताशी ठेवून, पात्र न ओलांडता तिला वळसा घालायचा आणि चातुर्मासात चालणे बंद ठेवायचे, हा परिक्रमेचा जुना नेम. परंपरेने सांगितलेल्या तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांत हे थांबणेही धरलेले असते. नेम घालणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पूर आलेल्या उपनद्या असतील. दमलेल्या देहाची सोयही त्यात झाली.

हृदयाचा व्यवहार याहून फारसा निराळा नाही. त्याला मोकळे सोडले, तर ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देते. विसाव्यात ते सत्तरावर येते, ते प्राणेशा तंत्रिकेने लगाम धरल्यामुळे. श्रमात हा लगाम सुटतो. श्वास आत घेतानाही तो किंचित सैल होतो आणि सोडताना आवळला जातो. म्हणून निरोगी माणसाच्या दोन ठोक्यांमधले अंतर कधीच एकसारखे नसते. श्वासाबरोबर होणारा नाडीचा हा चढउतार कार्ल लुडविग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये नोंदवला होता. फरक असतो सेकंदाच्या सहस्रांशांचा. बोटांना तो क्वचितच जाणवतो. दमछाक करणाऱ्या श्रमानंतर तो जवळजवळ नाहीसा होतो. मग लगाम पुन्हा हाती येऊ लागतो: नाडी पहिल्या मिनिटातच उतरू लागते, पण ठोक्यांमधली ती चंचलता पुरती परतायला कधी काही तास, तर कधी दोन दिवसही लागतात. घड्याळासारख्या नेमक्या ठोक्यांना आरोग्याची खूण मानणाऱ्यांना हे विपरीत वाटेल. शिणलेले हृदयच अधिक शिस्तीने चालते.

अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी बारा किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, त्यांच्यात पुढील सहा वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हृदय किती धावते याइतकेच ते कसे थांबते, हेही महत्त्वाचे ठरले.

पहाटे फिरणाऱ्यांत मात्र प्रतिष्ठा असते ती खंड न पाडणाऱ्याला. तापातून उठल्या उठल्या पूर्वीइतकेच अंतर कापणाऱ्याचे कौतुक होते, आणि आज विसावा घेतो म्हणणारा आळशी ठरतो. आता मनगटावरची घड्याळे ही चंचलता आकड्यात मांडतात, तेव्हा तो आकडाही शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहिला जातो. वास्तविक वय, झोप, आजार यांनी तो इतका बदलतो, की तुलना करायचीच तर स्वतःच्या कालच्या आकड्याशी करावी.

जबलपूरचे चित्रकार आणि कलाशिक्षक अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदाकाठ चालायला आरंभ केला. त्यांनी तो सलग चालला नाही. एक टप्पा पुरा करायचा, घरी परतायचे, चित्रे काढायची, लिहायचे. पुढच्या खेपेस मागचा टप्पा जिथे संपला तिथून पाऊल उचलायचे. कर्मठ माणूस याला परिक्रमा म्हणणार नाही. त्या चालण्यातून आलेल्या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंच्याहत्तरीच्या सुमारास त्यांनी तीच वाट पुन्हा धरली, याही वेळी तुकड्यातुकड्यांनी.