गीत : पारंपरिक

परवा मागच्या चाळीत हळद होती. मंडळी उरणकडची, त्यामुळे डीजे रात्री उशिरापर्यंत. मी अंथरुणं घालत होते. एकाएकी ओळखीची चाल आली आणि उशी हातातच राहिली. गाणं आमचं होतं. सुनेनं फोनवर शोधून दाखवलं. गायिकेचं नाव, कंपनीचं नाव आणि त्याखाली ‘गीत-संगीत : पारंपरिक’. “आई, तुम्ही इतक्या जुन्या?” म्हणून ती हसत सुटली.

ते गाणं भाऊनं आणि मी केलेलं. भाऊ पोस्टात माझ्या शेजारच्या खिडकीवर बसायचा आणि पेटी उत्तम वाजवायचा. आधी चाल, मागाहून शब्द, ही त्याची रीत. शब्द हाती येईपर्यंत तो तोंडाला येईल ते गायचा. या चालीवर गायला होता, ‘लाइटबिल भरलं का, बाई गं भरलं का.’ मी नंतर रात्र-रात्र बसून हळदीचे, हिरव्या चुड्याचे चांगले शब्द बसवले. तरी आजही तिकडे नवरीला हळद लागते आणि मला बिलाची तारीख आठवते.

सगळ्यात जास्त भांडलो ते भावगीतांवरून. अंतऱ्यात सूर वर चढायचा तिथं मी ‘मिटली’ लिहिलं होतं. भाऊ म्हणाला, “वरच्या षड्जावर इकार कसला देतेस? गाणारीचा आवाज कोंडेल. मला आकार दे.” मी म्हटलं, आकारासाठी पापणी उघडी ठेवू का? आठवडाभर अबोला. तिकिटं मात्र एकाच ड्रॉवरमधून विकत होतो. शेवटी शब्द माझाच राहिला, पण त्यानं चाल अशी खाली वळवली की पापणी खरंच मिटल्यासारखी वाटावी. आपलं हरणं त्यानं माझ्यापेक्षा सुंदर करून दाखवलं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आता सांगायला तो नाही.

लावणी लिहिली ती महिला मंडळाच्या कार्यक्रमासाठी. ढोलकीला नारायणगावचे एक मास्तर आले होते, तमाशात उमर काढलेले. माझी पहिलीच ओळ ऐकून त्यांनी बोटं झाडली. “ताई, शेवटपर्यंत शब्द कोंबलेत. मी वाजवू कुठं?” मी कुरकुरत शेवटचे दोन शब्द काढले. त्या जागी त्यांनी तोडा वाजवला, नाचणारीनं मान वळवली आणि काढलेल्या शब्दांना जे सांगायचं होतं ते तिच्या मानेनं सांगून टाकलं.

पोस्टातली बाई लावण्या लिहिते म्हणून कुजबूज झालीच. तेव्हा मी शांता शेळक्यांचं नाव पुढे करायची. 1964 च्या ‘मराठा तितुका मेळवावा’ या चित्रपटातली गाजलेली लावणी शांताबाईंचीच. संगीत ‘आनंदघन’ यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं. शांताबाईंनीही काही चित्रपटगीतं ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावानं लिहिली. आपण होऊन नाव झाकायचं, त्यात एक थाट असतो. दुसऱ्यानं पुसलं की ते ठसठसत राहतं.

कारण आमच्या हळदीच्या गाण्याच्या कागदावर तीन नावं होती. तिसरं धवलारणीचं. आगरी लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी ही बाई. एका दुपारी ती ओट्यावर पान लावत बसली होती आणि आम्ही शेवटच्या कडव्यात अडकलो होतो. आमची ओळ संपताच तिनं मान वर न करता पुढची गायली. भाऊनं पेटीवरचा हात उचलला. त्या ओळीला हात लावायची आमची दोघांची छाती झाली नाही. कंपनीच्या माणसानं मात्र तिन्ही नावांवर एकच रेघ मारली. लोकगीत म्हटलं की कटकट नाही, म्हणाला. 2012 साली कॉपीराइटचा कायदा बदलला. रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा वाटा आता करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. पण वाट्याला आधी नाव लागतं. ‘पारंपरिक’च्या नावानं मनीऑर्डर कुठल्या पत्त्यावर करणार?

धवलारणीला हे तावातावानं सांगायला गेले, तर ती ढिम्म. म्हणाली, ओळ तिच्या आत्याची, आणि आत्याला ती कुणी दिली देव जाणे. मला कंपनीपेक्षा तिचाच जास्त राग आला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. म्हणजे परंपरेला नावगाव असतं. विचारायला कुणीतरी ओट्यापर्यंत जावं लागतं, एवढंच.

सध्या बहिणीचा नातू रॅप करतो आणि मला सोबत घेतो. त्यानं बीट पाठवला, आणि एकही ओळ झालेली नसताना विचारलं, “आजी, स्प्लिट कसा? फिफ्टी-फिफ्टी?” इतकी वर्षं ज्यासाठी जळले ते समोरून चालत आलं आणि मला ते भलतंच कोरडं वाटलं. लग्न ठरायच्या आधी वाटणीपत्र. त्याचं म्हणणं, आधी ठरलं की भांडण होत नाही. खरं आहे. पण नावावरून भाऊशी माझं कधी वाजलंच नाही. वाजलं ते इकारावरून, अंतऱ्यावरून, एकेका मात्रेवरून. त्या भांडणांतून जे निघालं ते आम्हा दोघांपैकी एकालाही एकट्यानं जमलं नसतं.

हा पोरगा मी पाठवीन त्याला अंगठा दाखवतो. “एक नंबर, आजी!” चार गाणी झाली, अजून एका शब्दावर अडला नाही. निम्मा वाटा मिळाला, पण जोडीदार अजून मिळायचाय. येत्या रविवारी त्याला घरी जेवायला बोलावलंय. त्याचा हूक मला मुळीच पटलेला नाही, आणि या वेळी मी ऐकून घेणार नाही.