मंद आच

भट्टी या शब्दाला आमच्या गावात जे वजन आहे, ते अन्यत्र क्वचितच असेल. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतील तांबडे खनिज येथे सुमारे दीड हजार अंशांवर वितळते. अशा गावात राहून, झाकणाला काचेची खिडकी असलेल्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनविषयी लिहावे, हे कुणाला पोरकट वाटेल. परंतु माणसाचे पोट ज्या आचेवर भरते, ती बहुधा मंदच असते.

माझे वडील १९६१ साली मालवणहून येथे नोकरीस आले. पुढच्या वर्षी, लग्न होऊन, आई आली. मुंबई येथून रेल्वेने अकराशे किलोमीटर, आणि मालवण त्याच्याही पलीकडे. बाजारात रोहू आणि कटला मिळत. आई ते आणी, रांधी, वाढी. पण त्यांना मासे म्हणत नसे. ‘नदीचे’ एवढाच तिचा शब्द. गावाहून आलेली तिरफळे आणि आमसुले, वाटलेले ओले खोबरे यांच्याखाली ती शिवनाथचे पाणी बुडवून टाकी. क्वचित बर्फाच्या पेटीतून पापलेट येई. ज्या रुळांवरून ती पेटी आली ते भिलाईतच घडले असतील, याचे वडिलांना कोण कौतुक! आई मात्र पापलेटाचे कल्ले उघडून पाही आणि गप्प राही.

त्या काळी सोव्हिएत तज्ज्ञांची कुटुंबे भिलाईत राहत. अशाच एका घरी आईवडिलांना जेवायला बोलावले होते. तिथे मासा भाजून आला, तो नुसत्या लोण्यात, आणि वर शेपू! बाळंतिणीची भाजी माशावर घालतात, ही हकीकत आई पुढे कितीतरी वर्षे हसून सांगे. त्या घरातली बाई स्वतःच्या देशापासून आपल्यापेक्षाही दूर आली होती, आणि परक्या बाजारात तिला ओळखीची एकच जुडी सापडली असेल, हे तिच्या हसण्यात कधी आले नाही.

आता वडील नाहीत. गेल्या हिवाळ्यात आई आजारी पडली आणि डॉक्टरांनी तिखट, आंबट, तळलेले सारे बंद केले. थोडे लोणी चालेल, म्हणाले. म्हणजे तिच्या स्वयंपाकातून तिचे गावच काढून घेतले. उरले काय, तर नदीचा मासा.

मी मरळ आणली. तिचे मांस पांढरे, घट्ट, काटे थोडे; आणि ती वरची हवा घेऊन जगते, म्हणून बाजारात जिवंत मिळते. तुकड्यांचे पाणी टिपून मीठ लावले, थाळीला लोणी माखले, ठेचलेली लसणाची एक पाकळी आणि बारीक चिरलेला शेपू पसरला, वर लोण्याचे चार खडे ठेवले आणि थाळी तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवली. माशाचे तंतू आखूड आणि त्यांना बांधणारे आवरण नाजूक. म्हणून मटणासारखी त्याला तासभर आच लागत नाही. काचेतून पाहत राहावे: पारदर्शक मांस हळूहळू दुधाळ होते, लोणी फेसाळते. वीस मिनिटांत टोचणी लावताच पाकळ्या सुटल्या. एक क्षण अधिक ठेवला असता तर सारा रस निघून गेला असता.

मऊ भाताबरोबर आईने पहिला घास घेतला. मसाल्याला माशाचे दोष झाकता येतात. लोण्याला येत नाहीत. ती बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, “मीठ कमी आसा. पण मासो ताजो आसा.”

किनाऱ्यावरच्या बायका ‘ताजा’ हा शब्द सहज देत नाहीत. साठ वर्षे तो तिने समुद्रासाठी राखून ठेवला होता. आणि ‘मासो’ही. आपण एखाद्या गावात राहतो म्हणजे नेमके काय करतो, असा प्रश्न मला पुष्कळदा पडला आहे. घर बांधतो, मुले वाढवतो, माणसे पोचवून येतो. तरी जिभेचा पत्ता जुनाच राहतो. तो बदलायला कधी कधी जवळचे सारे हिरावले जावे लागते. हा न्याय आहे असे मी म्हणणार नाही. आईने दुसरा तुकडा मागून घेतला, एवढे मात्र खरे. आणि ताटाच्या कडेला शेपूची एकही काडी उरली नव्हती.