बालीतला पाडवा

२०२३च्या मार्चमध्ये बालीला जायचं ठरवताना मी फक्त तिकिटांचे दर आणि ऑफिसची रजा पाहिली. २२ मार्चला गुढीपाडवा आहे, हे तिकिटं काढल्यावर आजीने सांगितलं. "बडोद्याच्या घरात यंदा मी एकटीनेच गुढी उभारायची का गं?"

"व्हिडिओ कॉल करते ना, आजी!"

बालीत पोचल्यावर घरमालकीण म्हणाली, २२ला न्येपी. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सहापर्यंत कुणी घराबाहेर पडत नाही, चूल पेटवत नाही, दिवे लावत नाही. विमानतळ बंद, मोबाइलचा डेटाही बंद!

आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोहच्या, म्हणजे राक्षसांच्या अवाढव्य पुतळ्यांच्या मिरवणुका वाजतगाजत निघाल्या. सकाळी मात्र रस्त्यावर फक्त पहारा देणारे पेचालांग. घरी गुढीची वेळ झाली आणि मी बंद फोन हातात धरून बसले. आजी वाट बघत असणार, या विचाराने जीव कासावीस झाला.

घरमालकिणीने हळू आवाजात विचारलं, काय झालं? मग तिनेच सांगितलं, न्येपी म्हणजे शकाचं नवं वर्ष, शके १९४५. आजीच्या पंचांगातही तेच!

२३ला फोन लागताच आधी माफी मागितली, मग हे सांगितलं. आजी क्षणभर गप्प. "म्हणजे पाडव्याला घरातच होतीस ना? मग झालं."

आता तिकीट काढण्याआधी मी त्या देशाच्या सुट्ट्यांची यादी बघते. आणि शेजारी आपलं कालनिर्णयही.